अंदमानच्या तारखा तिथी बघून काढा : सोलापूरच्या सहल आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातले ट्रॅव्हल्सवाले, सहल आयोजक आणि महिला मंडळं, भिशी ग्रुप, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या सहली ठरवणारी मंडळी यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आसपास नवी पेठेपासून होटगी रोडपर्यंत 'अंदमान : ५ रात्री, ६ दिवस'चे बोर्ड लागतात. पत्रकात विमान असतं, एसी खोली असते, 'घरगुती महाराष्ट्रीयन जेवण' असतं आणि अकरा-बारा 'पॉइंट' असतात. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, हे मात्र एकाही पत्रकात छापलेलं नसतं. अंदमानात माणूस काय बघणार आणि काय हुकणार, हे निम्म्याहून जास्त त्या वेळेवर ठरतं. म्हणून हे पत्र.

आपला दोष फारसा नाही. सिद्धेश्वर तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं, त्यामुळे पाण्याची वेळ विचारायची सवयच आपल्याला नाही. समुद्राचं तसं नसतं. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वेळा सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. तेव्हा पाण्याच्या चढ-उतारात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा तो निम्म्याहूनही कमी होतो. दोन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण सपाट किनाऱ्यावर तेवढ्यात पाणी शंभर-दीडशे पावलं मागे जाऊ शकतं.

आता नील बेट घ्या. सरकारी नाव शहीद द्वीप. इथला नैसर्गिक खडकाचा पूल, ज्याला तिथले बंगाली लोक कौतुकाने 'हावडा ब्रिज' म्हणतात, तो ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीला खडकांची वाट पाण्याखाली जाते. त्याच बेटावरच्या भरतपूर किनाऱ्याचं उलटं आहे. तिथे काचेच्या तळाच्या बोटीला प्रवाळावरून जायला पुरेसं पाणी लागतं. ओहोटीत नाविक एक तर नाही म्हणतो, नाही तर बोटीचा तळ प्रवाळाला घासतो आणि शेकडो वर्षांची वाढ एका फेरीत मोडते. म्हणजे पूल ओहोटीला आणि भरतपूर भरतीला. मधे सहा तास. शेजारच्या हॅवलॉक बेटाहून सकाळी बोटीने येऊन, जेवून, त्याच दुपारी परतीची बोट पकडणाऱ्या ग्रुपला या दोन्हींपैकी एकच नीट मिळतं, आणि तेही नशिबाने. नीलवर दोन रात्री ठेवल्या तर दोन्ही मिळतात. एक रात्र ठेवली तरी बहुतेक वेळा साधतं.

पुलाकडे जायचं ते ओहोटीच्या क्षणाच्या तास-सव्वा तास आधी. पाणी अजून उतरत असताना आत शिरायचं आणि ते पुन्हा चढू लागलं की बाहेर निघायचं. बरोबर ओहोटीच्या वेळेला पोहोचणारा ग्रुप फोटो काढेपर्यंत पाण्याने वेढला जातो. पायात रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. हवाई चप्पल शेवाळलेल्या दगडावर हमखास घसरते आणि अनवाणी पाय मेलेल्या प्रवाळावर कापतो. ती जखम लवकर भरत नाही, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहतात. तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने आणि साबणाने नीट घासून धुवायची, वर जंतुनाशक लावायचं. नुसती हळद दाबून पुढे चालू लागायचं नाही. गुडघेदुखीवाल्यांना आधीच स्पष्ट सांगा की वाट सपाट नाही आणि काठी लागेल.

या खडकांमधल्या डबक्यांत समुद्री काकडी, तारामासे, खेकडे, शिंपले उघड्यावर दिसतात. फोटोसाठी काही जण समुद्री काकडी उचलून पर्यटकाच्या तळहातावर ठेवतात. घाबरलेली काकडी स्वतःची आतडी बाहेर टाकते, आणि आपली मंडळी 'अय्या, दूध सोडलं' म्हणून हसतात. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत आहे. ग्रुपला एवढं सांगितलं तरी हात आपोआप मागे जातात. प्रवाळाचे तुकडे आणि शंख-शिंपल्यांचंही तेच. वाळूत पडलेलं असलं तरी उचलून बॅगेत टाकायचं नाही. विमानतळावर बॅग तपासताना सापडलं की ते जप्त होतं, वर चौकशी, आणि मागे थांबलेल्या चाळीस माणसांचा खोळंबा.

वेळा मिळवणं अवघड नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, त्यात पोर्ट ब्लेअरचा तक्ता असतो. मोबाइलवरही मिळतो. कोकणातल्या ओळखीच्यांकडून 'तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ' हा हिशोब शिकला असाल तर तो अंदमानाला जसाच्या तसा लावू नका. तो त्या किनाऱ्यापुरता आहे. मात्र एक सोय अशी की एकाच जागी दर अमावस्या-पौर्णिमेला ओहोटीची वेळ जवळपास तीच येते. एकदा तक्ता बघून वहीत लिहून ठेवलं की पुढच्या वर्षीच्या तारखा नुसत्या कॅलेंडरवरून काढता येतात.

इथे अमावस्येचा मुद्दा येतोच. अमावस्येला घराबाहेर पडायचं नाही म्हणून आपण तिच्या आसपासच्या तारखाच टाळतो. अंदमानला मात्र नेमके तेच दिवस सोन्यासारखे. उधाणाची ओहोटी सगळ्यात खोल जाते, म्हणजे पुलाची वाट सगळ्यात मोकळी. शिवाय हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाक वल्हवत पाण्यातला निळसर उजेड बघायला नेतात. ती सूक्ष्म जीवांची चमक वल्ह्याच्या फटक्याने उजळते, आणि चांदण्यात ती जवळजवळ दिसत नाही. पौर्णिमेला पैसे भरून कयाकमध्ये बसलेला माणूस काळंच पाणी बघून परत येतो. तेव्हा निघा एकादशी-द्वादशीला आणि अमावस्येला तिथे असा. घरच्यांचंही मन राहतं. खरं उधाण अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे हिशोब आणखी जुळतो.

हंगामाबद्दल थोडं. अंदमानला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या चौपट. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या उत्तरार्धातच तिथे पोहोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. आपल्या दोन मोठ्या सुट्ट्या, दिवाळी आणि मे अखेर, नेमक्या या दोन टोकांवर पडतात. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात आणि त्यावर कुणाचा इलाज चालत नाही. शाळकरी मुलं बरोबर नसतील तर जानेवारीतली गड्डा यात्रा उरकली की निघा. जानेवारीअखेर ते मार्चअखेर पाऊस कमी, समुद्र शांत, पाणी नितळ. मुलं असतील तर परीक्षा संपताच एप्रिलमध्ये न्या, मेवर ढकलू नका.

बोट रद्द होणार हे गृहीत धरूनच आखणी करा. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी अख्खा ग्रुप पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, परत आलेला हवा. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी सकाळची हॅवलॉकची बोट हे गणित कागदावर रात्रीचं भाडं वाचवतं, आणि बोट हुकली तर चाळीस नवी तिकिटं काढायला लावतं. सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी दाखवा. आपली माणसं ज्यासाठी जातात ते आधी पदरात पडलं पाहिजे. चॅथमची लाकडाची गिरणी, समुद्रिका संग्रहालय, खरेदी हे चुकलं तरी चालेल असं सगळं शेवटच्या दिवशी. सहा रात्री असतील तर पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक दोन, नील दोन, पुन्हा पोर्ट ब्लेअर एक. पाचच असतील तर नीलची एक कमी करा, पण शेवटची पोर्ट ब्लेअरची रात्र काढू नका. आणि तिकिटावर 'स्वराज द्वीप' म्हणजे हॅवलॉक, 'शहीद द्वीप' म्हणजे नील, हे प्रत्येकाच्या कागदावर लिहून द्या. जेट्टीवर 'आमचं तिकीट हॅवलॉकचं, ही बोट भलतीकडेच चाललीय' हा गोंधळ होतोच होतो.

घड्याळाचा एक फसवा प्रकार आहे. अंदमान सोलापूरच्या पूर्वेला जवळजवळ १७ रेखांश आहे, पण वेळ भारताचीच. म्हणून सूर्य तिथे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. डिसेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमाराला अंधारतं, तिथे पाचच्या सुमाराला. जेवून, वामकुक्षी काढून साडेचारला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर उतरलेल्या ग्रुपला जेमतेम अर्धा तास मिळतो आणि त्यातले दहा मिनिटं शौचालयाच्या रांगेत जातात. राधानगरला तीनला पोहोचा. सकाळचा चहा साडेपाचला आणि पहिली फेरी सहाला. हे सोलापूरच्या घड्याळाने जाचक वाटतं, तिथल्या सूर्याने वाटत नाही.

पाण्यात उतरायचं त्याबद्दल जरा सविस्तर, कारण चुका इथेच होतात आणि महाग पडतात.

राधानगरला पोहणाऱ्यालाही ओढ लागू शकते. लाटा फुटताहेत त्या दोन पट्ट्यांच्या मधे जिथे पाणी शांत, गडद आणि बिनफेसाचं दिसतं, तीच जागा धोक्याची. तिथून पाणी परत आत जात असतं. आपली नवखी मंडळी लाटा नाहीत म्हणून नेमकी तिथेच उतरतात. ओढ लागली तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं आणि मग बाहेर यायचं. जीवरक्षकाच्या शिट्टीपलीकडे कुणी नाही, दारू घेतलेलं कुणी नाही, अंधार पडल्यावर कुणीच नाही. खारफुटीच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणाऱ्या, एका परदेशी पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. पाटी असेल तिथे पाण्यात पाय बुडवून फोटोसुद्धा नको.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करताना सगळ्यांची एकच तक्रार, मास्कमध्ये पाणी शिरतं. मास्क खराब नसतो, बहुधा आड आलेली असते मिशी. मास्क पट्ट्याशिवाय नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकीच हवा आत ओढायची आणि हात सोडायचा. तो चिकटून राहिला तर मापाचा, पडला तर दुसरा मागायचा. कपाळावरची केसांची एक बट किंवा टोपीची कड रबराखाली आली तरी गळती लागते. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर व्हॅसलीनचा जाड थर द्यायचा, बरंच काम होतं. झुपकेदार मिशी असेल तर थोडं पाणी शिरणार हे मान्य करून टाकायचं. काच धुरकट होते त्यावर उपाय थुंकी. आतून चोळून समुद्राच्या पाण्यात एकदा विसळायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण सगळे पाणबुडे तेच करतात. पट्टा आवळून आवळून डोकं दुखवू नका, जास्त आवळल्याने कड उचलली जाते आणि गळती वाढते. तोंडात नळी धरल्यावर श्वास तोंडानेच, हे काठावर उभं राहून पाच मिनिटं करून घ्या. लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा लावला नाही तर जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस घाबरतो. अंगात पूर्ण बाह्यांचा, पटकन वाळणारा टी-शर्ट हवा. पाण्यावर पालथं पडून तासभर खाली बघणाऱ्याची पाठ भाजून निघते आणि ते रात्रीपर्यंत कळत नाही. साडी किंवा ओढणी घेऊन पाण्यात उतरू देऊ नका, भिजून जड होते आणि पायात अडकते. दमलं की प्रवाळावर उभं राहायचं नाही, उताणं व्हायचं. प्रवाळ हा दगड नसून जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापून अंदमानातल्या प्रवाळाचा मोठा भाग पांढरा पडला होता. त्यातून जे सावरलं त्यावर पाय नको.

स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं, शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नका. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. विमानात दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास, आणि ग्रुप असेल तर सरळ २४ तास धरा. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक सोबत घेऊन पहिला डायव्ह करवतात, पण दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, अपस्मार, गरोदरपण असेल तर नाही. हे पैसे घेण्याआधी सोलापुरातच विचारा. बोटीवर फॉर्म भरताना 'नाही, नाही, नाही' अशा टिका करून मोकळं व्हायची सवय घातक आहे. सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि चोंदलेल्या कानाचा पडदा फाटू शकतो. उतरताना नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची ती कान दुखायच्या आधी, दर मीटरला. दुखल्यावर मारून उपयोग होत नाही.

बोट लागणाऱ्यांना एव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी द्या. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. खासगी वेगवान बोटी बंदिस्त असतात, हॅवलॉकला दीड-दोन तास लागतात. मधल्या किंवा मागच्या रांगेतल्या जागा मागा, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. मोबाइलमधे डोकं घालून बसलेला पहिला पिशवी मागतो. निघताना तेलकट वडा-भजी नको आणि उपाशीपोटीही नको. दोन बिस्किटं, केळं बास.

उन्हाचं आपल्याला काय, आपण ४४ डिग्रीतली माणसं, असं म्हणून आपले लोक टोपी घरी ठेवतात. सोलापूरचं ऊन कोरडं आहे, घाम येतो आणि वाळतो, अंग थंड होतं. तिथे पारा ३०-३१ असतो पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र थंड होत नाही. दुपारी सत्तरीचा माणूस चक्कर येऊन बसतो त्याचं कारण हे. ओआरएसची पुडी खिशात आणि नारळपाणी दिवसातून दोनदा.

याच दमटपणाने आपली कडक भाकरीही हरते. सोलापुरात जी पंधरा-वीस दिवस मोडताना टणत्कार करते, ती तिथे उघड्या पिशवीत दुसऱ्या दिवशी सादळते. न्यायचीच असेल तर दोन-दोन भाकऱ्यांची हवाबंद पाकिटं करा आणि एका वेळी एकच फोडा. शेंगाचटणीही तशीच, ओला चमचा घालायचा नाही. आणि आपल्याच गावचे जाड टर्किश टॉवेल, कितीही अभिमान असला, तरी नेऊ नका. ते तीन दिवस वाळत नाहीत आणि बॅगेत वास सोडतात. माणशी दोन पंचे पुरतात.

पण सहाही दिवस आपलाच आचारी आणि आपलीच आमटी, हे चुकीचंच आहे. नील आणि हॅवलॉकवरची वस्ती मुख्यतः पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची आहे. म्हणूनच गावांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, गोविंदनगर अशी. त्यांच्या हाताचा मोहरी लावलेला मासा, जाडसर उकडा भात आणि वर टोमॅटोची आंबटगोड चटणी खाल्ल्याशिवाय ते बेट कळत नाही. शाकाहारी मंडळींनी नीलची भाजी खावी, अंदमानची भाजी मोठ्या प्रमाणात तिथेच पिकते. पोर्ट ब्लेअरला तमिळ आणि तेलुगू वस्ती मोठी आहे, इडली-डोसा हवा तेवढा मिळतो, आणि पूर्व भागातल्या आपल्या मंडळींना तर बाजारात तेलुगूत भाव करता येतो. मासे निवडताना ताटातला फोटो बघून नव्हे, बर्फावरचा मासा बघून. डोळा फुगीर आणि कल्ला लाल.

सेल्युलर जेलमधे आपले ग्रुप सावरकरांच्या कोठडीसमोर नमस्कार करून, फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर येतात. १९०६ साली बांधून पुऱ्या झालेल्या या तुरुंगाला सात भुजा होत्या, तीन उरल्यात. कोठड्या अशा रचल्या आहेत की एकीच्या दारातून समोरच्या भुजेची फक्त पाठ दिसते, माणसाला माणूस दिसत नाही. हे मधल्या मनोऱ्यावर चढून बघितल्याशिवाय समजत नाही. तेलाचा कोलू नुसता बघायचा नाही, त्याचा दांडा किती उंचीवर आहे आणि बैलाच्या जागी माणूस कसा फिरत असेल तेही दाखवा. दोन तास द्या. चार हुतात्म्यांच्या गावची माणसं आहेत, कंटाळणार नाहीत.

बाराटांग मात्र पत्रकातून काढाच. पहाटे तीनला उठवून, शंभर किलोमीटर जाऊन, तेवढंच परत येऊन चुनखडीची गुहा बघायला ज्येष्ठांचा एक अख्खा दिवस खर्ची पडतो. आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांच्या ताफ्यातून खिडकीला नाक लावून माणसं 'बघायला' जाणं हे आपल्याला शोभत नाही. तिथे थांबणं, फोटो काढणं, बिस्किटं फेकणं हा गुन्हा तर आहेच.

पुढचं पत्रक छापायला टाकाल तेव्हा 'दिवस चौथा : नील' याच्या पुढे एका कंसात त्या तारखेची भरती आणि ओहोटी, दोन्ही वेळा घाला. जागा पुरत नसेल तर 'घरगुती जेवणा'चा फोटो जरा लहान करा.

आपले,
अंदमानच्या सहलींची आखणी करणारे काही सोलापूरकर